मी न लिहिलेलं क्वेरीचं उत्तर

सुरुवातीलाच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. ज्या घरात मी वाढले तिथे भूत हा शब्द फक्त चेष्टेत वापरला जायचा. आम्ही परळचे, चाळीतले. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका छापखान्यात लागले, आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. पाण्याची वेळ, गिरणीची जमीन, अंगारे-धुपारे करणारे बुवा... विषय कुठलाही असो, पत्रक एका पानाचं आणि खाली शेवटची ओळ ठरलेली — 'यातली चूक दाखवा. दुरुस्त करू.' लहानपणी मी ती पत्रकं दारोदार टाकली आहेत. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची लटकलेली असली की तिथे मुद्दाम दोन टाकायचे.

त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते वाचून कुणी लगेच हात जोडू नका. मला तसा वाचक नको आहे.

मी परळमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात इन्शुरन्स डेस्कवर काम करते. तळमजला, रजिस्ट्रेशनच्या बाजूला काचेची केबिन, दोन टेबलं. पेशंट दाखल झाला की त्याची पॉलिसी, केसपेपर आणि डॉक्टरांचा अंदाज असं सगळं विमा कंपनीच्या वतीने कागद तपासणाऱ्या एजन्सीला पाठवायचं आणि कॅशलेसची मंजुरी मिळवायची. एजन्सीला शंका आली की ती क्वेरी पाठवते. क्वेरीला वेळेत आणि नीट उत्तर गेलं तर मंजुरी, नाहीतर नकार. नकार म्हणजे ऑपरेशन थांबतं आणि माणूस दुसरीकडे, वेटिंगच्या यादीत जातो. एवढं साधं आणि एवढं वाईट काम आहे हे.

दुसऱ्या टेबलावर सावंतकाका. वय सत्तावन्न, मूळचे वेंगुर्ल्याचे, राहणार लालबाग. मी प्रत्येक क्वेरीवर भांडते म्हणून त्यांनी माझं नाव 'पत्रक' ठेवलंय. एजन्सीचा फोन आला की रिसिव्हर माझ्या दिशेने धरून म्हणतात, "पत्रक, तुझा गिऱ्हाईक." माझा एकच नियम आहे, तोही बाबांचाच — जे स्वतः पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही.

तर, सोमवारी सकाळी विजया परब नावाच्या बाई छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आल्या. चोपन्न वर्षांच्या, लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, घरी मुलगी आणि त्या, दोघीच. मुलगी दीपाली दादरला साड्यांच्या दुकानात कामाला. ती दुकानात होती, म्हणून शेजारणीने टॅक्सीत घालून आणलं. तपासणीत एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. डॉक्टरांनी बुधवारी दुपारी बारा वाजताची अँजिओप्लास्टी ठरवली. फार थांबून चालणार नाही, असं त्यांनी मला वेगळं सांगितलं. मी फॉर्म पाठवला.

मंगळवारी सकाळी क्वेरी आली. केसपेपरवर इमर्जन्सीतल्या इंटर्नने लिहिलं होतं — रक्तदाब दहा वर्षं, गोळ्या चालू. आणि दीपालीने तीन वर्षांपूर्वी आईची पॉलिसी काढताना फॉर्मवर लिहिलं होतं की आईला कुठलाही आजार नाही. म्हणजे एजन्सीच्या भाषेत आजार लपवला. संध्याकाळी पाचच्या आत खुलासा द्या, नाहीतर दावा बंद.

मी दीपालीला केबिनमध्ये बोलावलं. चोवीस-पंचवीसची पोरगी, रात्रभर बाकड्यावर बसलेली. म्हणाली, आईला बीपी नाही, कधीच नव्हतं, आई साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही.

आता इथे मी काय केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण न लिहिता पुढचं सांगण्यात अर्थ नाही. चार वर्षं या खुर्चीत बसून मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं आहे. आणि बहुतेक वेळा नंतर कपाटातून गोळ्यांची पाकिटं निघतात. मी तिला म्हटलं, "हे बघ, लपवलं असेल तर आत्ता सांग. नंतर मला काही करता येणार नाही."

ती उठून वर वॉर्डात गेली.

कंपन्या गरिबाला चोर समजतात असं मी दर महिन्याला कुठे ना कुठे लिहिते. आणि त्या सकाळी तेच वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले होते.

दोन वाजता माझी ठाकूरद्वारला दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती. रूट कॅनालची दुसरी बैठक. ठरवलं होतं की परत आल्यावर साडेचारच्या सुमारास एक गुळमुळीत उत्तर पाठवायचं — डॉक्टरांचा दाखला जोडत आहोत, मुदत द्यावी. सव्वा वाजता मी निघाले. दोनला खुर्चीत बसले, तीन वाजून दहा मिनिटांनी उठले. त्या वेळात माझ्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरबाईंचे दोन हात होते. त्यांच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहिलेली आहे, मी नंतर जाऊन बघितली.

चारला हॉस्पिटलात पोचले. अर्धं तोंड बधिर, ओठ कुठे आहे ते कळत नव्हतं. सावंतकाका मस्त चहा पीत बसले होते.

"काय गो, दात रवलो काय गेलो?"

मी हाताने 'राहिला' अशी खूण केली. ते म्हणाले, परबांचं काम झालं. तुझं उत्तर अडीचला चढवलं, पावणेचारला तात्पुरती मंजुरी आली. उत्तरात ज्या दोन कागदांचा उल्लेख आहे ते उद्या अकराच्या आत जोडायचे, नाहीतर मंजुरी रद्द.

माझं उत्तर म्हणजे कुठलं, हे विचारायला मला तोंड उघडता येईना. त्यांनी स्कॅनरवरून एक कागद उचलून माझ्यापुढे ठेवला. आमच्या डेस्कच्या पॅडचा कागद. माझं अक्षर. खाली माझी सही, आणि सावंतकाकांनी मारलेला डेस्कचा शिक्का. आमची उत्तरं इंग्रजीत, ठरलेल्या साच्यात टाइप करून जातात. हे हाताने आणि मराठीत लिहिलेलं होतं. पाठ झालंय मला ते, जसंच्या तसं देते —

'१. रुग्ण विजया परब यांना रक्तदाबाचा आजार नव्हता व नाही. केसपेपरवरील माहिती त्यांची नसून त्यांना घेऊन आलेल्या शेजारीण मालती नाईक यांची आहे.

२. मालती नाईक अकरा वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेत आहेत. पहिला कागद त्यांच्याकडे आहे.

३. रुग्णाचा रक्तदाब गेल्या वर्षी चाळीच्या मंडळाच्या शिबिरात तपासला गेला. तो योग्य होता. कार्ड त्यांच्या घरी गॅसच्या पुस्तकाच्या कव्हरमध्ये आहे.

४. मालती नाईक हे स्वतः लिहून देतील.

यातली चूक दाखवा. दुरुस्त करू.'

मी पेन घेतलं आणि पॅडवर लिहिलं — हे मी लिहिलेलं नाही. सावंतकाकांनी तो कागद उचलून उत्तराच्या शेजारी ठेवला. "अक्षर बघ," ते म्हणाले आणि हसायला लागले. मग माझा चेहरा बघून थांबले.

ते म्हणाले की सव्वादोनला जेवून आले तेव्हा ट्रेमध्ये हा कागद होता. माझी सही होती, पेशंटचं नाव होतं. त्यांना वाटलं मी जाताना ठेवून गेले. डोकेदुखी नको म्हणून माझी वाट न बघता चढवून टाकला. "माका काय म्हायत?"

मी आधी त्यांच्यावरच संशय घेतला, हे कबूल करते. पण त्यांचा उजवा हात गेली दोन वर्षं कापतो, ते सहीसुद्धा जेमतेम करतात. आणि मालती नाईक कोण हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? केसपेपरवर फक्त 'शेजारीण' एवढंच लिहिलेलं होतं.

पाच वाजता दीपाली काचेबाहेर उभी राहिली. आत आली नाही. दारातूनच म्हणाली, "ताई, सकाळी मला वाटलं तुमचा माझ्यावर विश्वास नाही. काकांनी सांगितलं तुम्ही लिहून दिलंत म्हणून." आणि गेली. बधिर तोंडाने मी काय बोलणार होते? तोंड धड असतं तरी काय बोलणार होते...

त्या संध्याकाळी माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. हे पत्र माझं नाही असं सांगितलं तर बनावट कागद म्हणून दावा लगेच बंद, वर दीपालीच्या नावावर फसवणुकीचा शिक्का. आणि माझंच आहे असं म्हटलं तर जे मी पाहिलेलं नाही त्यावर माझी सही उभी राहणार. तीन मजले वर एक बाई उद्याच्या बाराची वाट बघत पडली होती.

कागद पर्समध्ये टाकून घरी गेले. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वाचायला काही दिलं की खिडकीशी जातात. त्यांनी कागद नाकाजवळ धरून वाचला. पुन्हा वाचला.

"हे तू लिहिलेलं नाहीस."

"कशावरून? अक्षर माझं आहे."

"विशेषणं कुठायत?" ते म्हणाले. "तुझ्या चार ओळींत सात विशेषणं असतात."

शेवटची ओळ तुमची आहे, मी म्हटलं. ते म्हणाले, ओळ माझी, पण मी लिहिलेलं नाही. दिवसभर मी नाक्यावरच्या वाचनालयात होतो, विचार जाऊन. थोडा वेळ ते कागद उलटसुलट करत राहिले, जणू छपाईची चूक शोधत होते. माझी अपेक्षा होती की ते अक्षरशास्त्र, स्मृतिभ्रंश, असं काहीतरी सुरू करतील. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

"कुणी लिहिलं ते नंतर बघ. आधी खरं आहे का ते बघ."

बुधवारी सकाळी आठला मी लालबागला त्या चाळीत होते. मालती नाईक शोधायला वेळ लागला नाही. परबांच्या खोलीच्या बाजूचंच दार, दारात तुळस, आत रेडिओ चालू. पासष्टीच्या, जाड भिंगाचा चष्मा. मी हॉस्पिटलातून आले म्हटल्यावर त्यांनी आधी विजयाचं विचारलं, मग जबरदस्तीने पोहे पुढे ठेवले. मी विचारलं, सोमवारी इमर्जन्सीत डॉक्टरांनी काय काय विचारलं?

त्या सांगायला लागल्या. टॅक्सीतून उतरून विजयाला धरून इमर्जन्सीच्या दाराचा उतार चढवला, तोवर त्यांनाच धाप लागली. विजयाला आत नेलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, बीपी आहे का, गोळ्या चालू आहेत का, किती वर्षं?

"मी म्हटलं दहा वर्षं. पर्समधून पाकीट काढून दाखवलं पण. चांगला पोरगा वाटला, एवढ्या गडबडीत माझी विचारपूस..."

इथे त्या थांबल्या. चष्मा काढून हातात धरला.

"तो विजयाचं विचारत होता?"

मी मान डोलावली.

"म्हणजे तिचं माझ्यामुळे अडलं?"

मी म्हटलं, अडलेलं सुटेल, पण मला तुमचा पहिला कागद बघायचाय, गोळ्या सुरू झाल्या तेव्हाचा. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि कागदांच्या थप्पीतून एक पिवळा पडलेला केसपेपर काढला. मी तारीख बघितली. बोटांवर मोजलं, मग परत मोजलं.

अकरा वर्षं.

"मावशी, तुम्ही दहा म्हणालात."

"दहाच गं. थांब..." त्यांनी चष्मा लावून कागद डोळ्यांशी नेला. "अगंबाई. अकरा झाली की."

त्या उन्हाळ्यातल्या सकाळी, दारात माणसांची ये-जा चालू असताना, माझ्या हातावर काटा आला. भुताची भीती वाटायला निदान अंधार तरी असतो. इथे समोर पोह्यांची बशी होती. अकरा हा आकडा या बाईलाच माहीत नव्हता. तो फक्त पलंगाखालच्या बंद पेटीत होता आणि माझ्या अक्षरात माझ्या पर्समध्ये होता.

परबांच्या खोलीची किल्ली मावशींकडेच असते. तरी मी दीपालीला फोन केला आणि घर उघडायची परवानगी घेतली. गॅसचं पुस्तक कुठे असतं, विचारलं. ती म्हणाली, ओट्याखाली खिळ्याला पिशवी आहे त्यात, पण ते कशाला? मी म्हटलं, नंतर सांगते. पिशवीत पुस्तक होतं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेलं. कव्हरच्या मागच्या कप्प्यात जुन्या सिलिंडरच्या पावत्या, आणि त्या पावत्यांच्या मध्ये चार घड्या घातलेलं एक गुलाबी कार्ड. मंडळाचं आरोग्य शिबिर. नाव विजया परब. रक्तदाब एकशे अठरा, छेद शहात्तर. तारीख गेल्या वर्षीची, खाली शिबिराच्या डॉक्टरांची सही. दीपालीला असं कार्ड असल्याचं ठाऊक नव्हतं. विजयाबाईंना मी नंतर विचारलं, तर त्यांना शिबिर आठवलं, कार्ड आठवलं नाही.

मी निघेपर्यंत मावशी पातळ बदलून, पर्स घेऊन दारात उभ्या होत्या. "लिहून द्यायचं असेल ना काहीतरी? चल." मी त्यांना लिहून द्या म्हटलंच नव्हतं.

पावणेदहाला हॉस्पिटलात पोचलो. मावशींनी आपल्या हाताने निवेदन लिहिलं. त्यांच्या पिवळ्या केसपेपरची प्रत, कार्ड, आणि हृदयाच्या डॉक्टरांचा दाखला, की जुन्या रक्तदाबाची कुठलीही खूण तपासणीत नाही. शिवाय तो इंटर्न येऊन चूक कबूल करून गेला, बिचारा पांढरा पडला होता. सगळं जमलं. आता कागद चढवले की काम संपत होतं.

पण मी त्या कागदांवर लावायला एक पत्र लिहिलं. पहिलीच ओळ — 'कालचे उत्तर मी लिहिलेले नाही. ते कोणी लिहिले हे मला माहीत नाही. त्यातील प्रत्येक विधान मी आज स्वतः जाऊन तपासले आहे व ते खरे आहे.' खाली सही.

सावंतकाकांनी ते वाचलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "अगो, असा कोण लिहिता? मंजुरी इलेली आसा ना?"

मी म्हटलं, कालची सही माझी नव्हती. ही आहे.

वर जाऊन मी दीपालीलाही ते पत्र वाचून दाखवलं. तिच्या आईच्या जिवाशी खेळत होते, तिला विचारल्याशिवाय पाठवायचा मला हक्क नव्हता. आणि हेही सांगितलं की काल सकाळी माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, ते पत्र माझं नाही. ती म्हणाली, "आज आहे?"

"आज मी पाहिलंय."

"मग पाठवा."

साडेदहाला कागद गेले. अकराला दहा मिनिटं असताना एजन्सीच्या डॉक्टरांचा फोन आला. सावंतकाकांनी रिसिव्हर माझ्याकडे दिला, काही न बोलता. डॉक्टर मराठीच होते, आवाज थंड. म्हणाले, मॅडम, माझ्या नोकरीत असलं पत्र मी पाहिलेलं नाही. कालचं उत्तर तुमचं नाही, मग कुणाचं? मला फाइलमध्ये काय लिहायचं?

मी म्हटलं, "कुणाचं ते मला माहीत नाही, ते तसंच लिहा. त्यातलं काय खोटं आहे ते मला सांगा. कार्ड, निवेदन, दाखला, सगळं तुमच्यासमोर आहे. यातली एक चूक दाखवा, मी आत्ता दावा मागे घेते."

पलीकडे कागद उलटल्याचे आवाज येत राहिले. सावंतकाका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, काचेबाहेर मावशी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

"अकरा वर्षं," डॉक्टर शेवटी म्हणाले. "निवेदनात त्यांनी दहा लिहून खोडलंय."

"केसपेपरची तारीख बघा."

पुन्हा कागद उलटला. मग ते म्हणाले, "कालच्या पत्रात अकराच आहे." आणि थोड्या वेळाने, "ठीक आहे. मंजुरी कायम ठेवतो. फाइलमध्ये काय लिहायचं ते मी बघतो."

विजयाबाईंना पाऊण वाजता आत नेलं. दोनला बाहेर आणलं. आता त्या ठणठणीत आहेत. तपासणीला येतात तेव्हा मालती मावशी बरोबर असतात, आणि दारातच मोठ्याने सांगतात, "पेशंट ही आहे, मी नाही."

आता खुलाशाचं. मला माहीत आहे खाली प्रतिक्रियांत काय काय लिहिलं जाईल. मीच लिहिलं आणि विसरले? मग पेटीतला अकराचा आकडा मी कुठून आणला? मावशींनी कुणाला तरी सांगितलं? त्यांना स्वतःला दहा वाटत होतं. कुणीतरी आधी घरात शिरून कार्ड पाहिलं आणि परत चार घड्या घालून पावत्यांत ठेवलं? कशासाठी, आणि माझ्या अक्षरात? आमच्या ट्रेवर कॅमेरा नाही. तो कोपरा नेमका खांबाआड येतो. अक्षर तपासून घ्यावं म्हणून मी एका जाणकारांना ते उत्तर आणि त्या दिवशी मी पॅडवर लिहिलेला कागद दाखवले. ते म्हणाले, एकाच हाताचे आहेत. बाबा अजूनही मानत नाहीत. म्हणतात, खुलासा असणार, तुला सापडलेला नाही एवढंच. मीही तेच म्हणते. फक्त पूर्वी हे वाक्य मी जोरात म्हणायची.

एक गोष्ट मात्र मला टोचते, आणि तिचा भुताखेतांशी संबंध नाही. मंगळवारी दुपारी त्या डेस्कवरून दीपालीचं म्हणणं खरं धरून जे उत्तर गेलं, ते माझ्या हातून जायला हवं होतं. अक्षर माझं, सही माझी, पॅड माझं. फक्त मी तिथे नव्हते. सकाळी ती समोर बसली होती तेव्हाही नव्हते.

इमर्जन्सीच्या फॉर्मवर आता आम्ही एक नवी ओळ छापून घेतली आहे, 'माहिती देणाऱ्याचे नाव'. इंटर्न लोक कंटाळतात, मी भरायला लावते. ते मूळ पत्र माझ्या खणात आहे. शिक्का जरा पुसट झालाय, अक्षर तसंच आहे. ज्याला यायचं असेल त्याने दिवसा, कामाच्या वेळेत यावं, दाखवीन.

घडलं ते सगळं लिहिलं. यातली चूक दाखवा. दुरुस्त करीन.